उभं राहायची जागा

सव्वाचारला व्हॅन येते. हॉर्न नाही,
फक्त दिवे दोनदा मिचकावते.
आई झोपलेली असते, किंवा तसं दाखवते.
डब्यात कालचा कुमारा आणि मटणाचा तुकडा,
बुटांच्या खिळ्यांत कालचाच चिखल.
मागची सीट, तेलाच्या कॅनशेजारी,
ती सगळ्यांत नव्याची.

मला वाटलं होतं, करवत मिळेल.
तीन आठवडे झाले,
करवतीला नुसता हातही लावलेला नाही.
माझं काम एवढंच:
उतारावर आडव्या पडलेल्या पाइनच्या गळ्यात
तारेचा फास अडकवायचा
आणि तिथून निघून जायचं.

अडकवणं शेंबडं पोरगंही शिकेल, रेवी म्हणतो,
निघून जायला शिकताना माझी अकरा वर्षं गेली.
त्याच्या डाव्या हाताला साडेतीन बोटं आहेत.
उरलेल्या अर्ध्याची गोष्ट दर वेळी वेगळी,
कधी शार्क, कधी मेहुणा.

तो मला झाडं शिकवत नाही.
जागा शिकवतो.
ताणलेल्या दोराखाली नाही.
दोर वळतो, त्या वळणाच्या पोटात तर नाहीच.
ओंडक्याच्या खालच्या अंगाला नाही,
ओंडका कुणाचा सगा नसतो.
वर चढ. अजून वर. अजून.
आता मागे बघ.
आता डोक्यावर बघ.
आता बटण दाब.

वर यंत्रात मेरेआना बसते.
धुकं उतरलं की ती मला दिसत नाही, मी तिला दिसत नाही.
कमरेच्या बटणातून माझे टूं-टूं जातात
आणि डोंगरापलीकडून तिचं इंजिन हुंकार देतं.
पहिल्या दिवशी माझा अंगठा इतका थरथरला
की एकाऐवजी भलतेच तीन गेले.
संध्याकाळी ती एवढंच म्हणाली,
अंगठा गरम ठेवत जा, पोरा.

मंगळवारची गोष्ट.
जुलैचं दव गोठून काचेसारखं झालेलं.
ओंडका उचलला, बुंध्याला अडला,
आणि शेपूट फिरवावी तसा आडवा फिरला.
मी जिथे होतो तिथलं खोड मुळासकट उपटलं.
म्हणजे, चाळीस पावलांपूर्वी जिथे होतो तिथलं.
कुणी काही बोललं नाही.
रेवीनं थर्मासचं झाकण उघडलं,
अर्धा चहा मला दिला, अर्धा सांडला.
तेव्हा कळलं, त्याचाही हात हलत होता.

ही झाडं बाबांनी लावलीत.
सत्तावीस हिवाळ्यांपूर्वी, पाठीला पोतं, हातात फावडं,
रोपामागे काही सेंट.
मी जन्मायचा होतो.
आता त्यांना गुडघ्यामुळे इथवर चढवत नाही.
केवढी झालीत, त्यांनी विचारलं.
मी दोन्ही हात पसरून दाखवले,
मिठीत मावत नाहीत म्हणालो.
ते झाडाचं माप बघत होते का माझे हात,
मला सांगता येणार नाही.

दुपारी लाकडानं भरलेले ट्रक गिस्बर्नच्या बंदराकडे जातात.
उरतं ते इथेच: फांद्या, शेंडे, तुटके तुकडे.
मोठा पाऊस झाला की नदी ते सगळं खाली नेते
आणि आमच्याच किनाऱ्यावर आणून टाकते.
मावशी वाळूतून वाट काढत चालते, शिव्या देते,
आणि चुलीपुरतं सरपण घेऊन येते.
माझ्याकडे बघून शिव्या देत नाही.
ते जास्त लागतं.

पगार झाला. आईला किटली घेतली.
अंगाचा राळेचा वास तीनदा धुऊनही जात नाही.
काल जेवायला वाढलं तरी मी उभाच,
फ्रिज आणि खिडकीच्या मधल्या कोपऱ्यात,
पाठ भिंतीला, दाराकडे तोंड, नजर छताकडे.
बस की, आई म्हणाली.
काय शोधतोयस वर?

काही नाही, म्हणालो,
आणि बसण्याआधी
तिची खुर्ची दिव्याखालून
हातभर बाजूला सरकवली.